तांबटांच्या घरी घड्याळ आलं बघायला

कासारखेडं नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात माणसं घड्याळ पसंत करायची नाहीत, घड्याळं मनगट पसंत करायची. तिथल्या तांबट आळीत गेनू तांबट राहायचा, त्याची बायको सोनूबाई राहायची आणि त्यांची एकुलती एक लेक हौसा राहायची. तिघांची मिळून सहा मनगटं, आणि सहाही मोकळी.

घड्याळांचं दुकान इस्माईलचाचांचं, एसटी स्टँडसमोर. गिऱ्हाईक आलं की चाचा त्याला आधी हात धुवायला सांगायचे. मग फळीवर स्वच्छ रुमाल अंथरायचे, रुमालावर घड्याळ ठेवायचे, आणि गिऱ्हाइकानं आपला हात त्याच्यापुढे उताणा ठेवायचा. घड्याळ विचारायचं, काम काय करता, घाम किती येतो, आंघोळीला काढून ठेवणार की कसं. पटलं तर पट्टा आपसूक बसायचा. नाही पटलं तर घड्याळ म्हणायचं, "चाचांकडून कळवू." कळवू म्हणजे काय, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं.

आता हौसाला घड्याळ का लागलं, ते सांगते. गावात नळाला पाणी सोडणारा म्हातारा व्हॉल्व्हमन घरी बसला आणि त्याची जागा मोकळी झाली. एकेका आळीला वीस मिनिटं पाणी. आमची तांबट आळी सगळ्यात शेवटची. म्हातारा मधेच कुठं तरी गप्पा मारत बसायचा, आणि आमच्या आळीच्या नळाला नुसती हवा यायची. सोनूबाई सून म्हणून आली तेव्हापासूनची तिची सगळी वर्षं आडावरून पाणी ओढण्यात गेली. मी भिंतीला भिंत लावून राहते, तिच्या रहाटाचा आवाज मला पाठ आहे. म्हणून हौसानं अर्ज केला.

पाणीखात्याचे कुरणेसाहेब माणूस सरळ. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"चावी फिरवता येते?"

"येते."

"खड्ड्यात उतरावं लागतं. चिखल असतो, पाणी असतं."

"उतरते की."

"मनगटावर कोण आहे?"

हौसानं दोन्ही हात पाठीमागे नेले. "कुणी नाही, साहेब."

कुरणेसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, मोकळ्या मनगटाच्या माणसाला मी पाण्याची चावी देऊ शकत नाही. नियमात नाही. सोमवारी पाचपर्यंत घड्याळाचा होकार घेऊन या. नाही तर मंगळवारी दुसरं नाव घालतो."

तो दिवस गुरुवार होता.

शुक्रवारी हौसा चाचांच्या दुकानी गेली. चाचांनी आधी एक सोनेरी, नाजूक घड्याळ काढलं. त्यानं हौसाचा हात बघितला. ती बापाबरोबर भांडी मठारायला बसायची, हातोडीनं तळहात राकट झालेला.

"आम्ही लग्नकार्यातले," ते म्हणालं. "हा हात लोखंड फिरवणार. चाचांकडून कळवू."

दुसरं मोठं जाड घड्याळ निघालं. त्याच्या तबकडीत आणखी तीन बारक्या तबकड्या. ते म्हणालं, "आम्ही पाण्यात शंभर मीटर खोल जातो."

"बरं झालं," हौसा म्हणाली, "माझं काम पाण्यातलंच आहे."

"कुठला समुद्र?"

"समुद्र नाही. तालमीमागचा खड्डा. कमरेएवढा आहे. शेजारून गटार जातं."

त्या घड्याळाचे तिन्ही बारके काटे एकदम थांबले. मग ते म्हणालं, "कळवू."

चाचांनी कपाळ पुसलं. "बेटी, एक आहे. पण ते फार चौकशी करतं. अकरा वर्षं दुकानात आहे, चाळीस मनगटं नाकारून बसलंय." आणि त्यांनी खालच्या कप्प्यातून एक साधं स्टीलचं घड्याळ काढलं. पांढरी तबकडी, काळे ठळक आकडे, कापडी पट्टा. अंगावर मिरवण्यासारखं काही नाही. मला आकडे वाचता येत नाहीत, पण ते आकडे लांबून दिसायचे एवढं मी सांगते.

त्यानं हौसाला फार विचारलं नाही. "रोज?" एवढंच म्हणालं.

"रोज," हौसा म्हणाली. "रविवारीसुद्धा. पाण्याला सुट्टी नसते."

"आपटेल?"

"आपटेल."

"चिखल लागेल?"

"लागेल. धुऊन टाकीन."

पट्टा हळूहळू उचलला गेला, मनगटाला लागणार, तेवढ्यात घड्याळानं विचारलं, "घर कुणाचं?"

"तांबटांचं. धोंडूअण्णा तांबटांची नात मी."

पट्टा खाली पडला.

"त्या घरात आमच्यातलं एक आहे," घड्याळ म्हणालं. "बत्तीस वर्षं पेटीत आहे. आमच्यात सगळ्यांना माहीत आहे."

गोष्ट खरी होती. तिच्या आजोबांनी, धोंडूअण्णांनी, गेनूच्या लग्नात घालायला एक घड्याळ आणलं होतं. आणलं, आणि लग्नाच्या दिवशी म्हणाले, हळद लागेल, राहू दे पेटीत. मग बारशाला म्हणाले, गर्दी आहे, राहू दे. अण्णा गेले, घड्याळ पेटीतच राहिलं. ते घरच तसलं होतं. चांगली वस्तू आली की ती जपून ठेवायची. बाहेर आपल्या हातानं लोकांना रोजच्या वापराची भांडी घडवून द्यायची आणि घरात आलेलं काही वापरायचं नाही.

"आम्ही घर बघू," घड्याळ म्हणालं. "रविवारी सकाळी. मग सांगू."

शनिवारभर तांबटांच्या घरात धावपळ. सोनूबाईनं मला हाक मारली, "वच्छाबाई, आवराआवरीला या हो हाताशी. उद्या घड्याळ येतंय बघायला."

मी गेले. गेनूनं सोफा पुसून लख्ख केला होता. सोफ्यावर दुकानातून आला तेव्हाचंच प्लॅस्टिक. टीव्हीच्या रिमोटवर प्लॅस्टिक. शोकेसमध्ये लग्नातल्या आहेराचा कपबशांचा सेट, त्यावर निळी फुलं आणि बशीखाली चिकटवलेला कागद अजून तसाच. गेनू म्हणाला, "उद्या तो सेट काढायचा. एवढं मोठं माणूस येतंय."

"माणूस नाही, घड्याळ," सोनूबाई म्हणाली.

"तेच ते."

रविवारी नऊ वाजता चाचा घड्याळ रुमालात घेऊन आले. आम्ही त्याला पाटावर बसवलं. गेनू समोर सोफ्यावर बसला, तर प्लॅस्टिक करकरलं.

घड्याळानं सगळीकडे बघून घेतलं. मग विचारलं, "हे वरचं काढता का कधी?"

"छे छे!" गेनू अभिमानानं म्हणाला. "काढलं तर सोफा खराब होईल."

"कशानं?"

"बसल्यानं."

घड्याळाचा सेकंदकाटा मंद झाला, मी डोळ्यांनी बघितलं. चाचांनी मान खाली घातली. हौसा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिनं ओठ आवळले.

"आणि तो सेट?"

"बत्तीस वर्षांचा आहे," गेनू म्हणाला. "एक टवका नाही बघा."

"किती वेळा चहा प्यालात त्यातून?"

"आज पहिल्यांदा."

सोनूबाईनं निळ्या फुलांच्या कपात उकळता चहा ओतला, आणि कप टक् करून उभा तडकला. चहा बशीत, बशीतून पाटावर. बत्तीस वर्षं जपलेला कप पहिल्या चहाला गेला. सोनूबाईनं दुसरा भरला. तोही तडकला. तिसरा भरायचं धैर्य कुणाला होईना.

घड्याळ चाचांना म्हणालं, "उचला आता. तुमच्याकडून कळवू."

एकदा घड्याळ उंबऱ्याबाहेर गेलं असतं, तर हौसाची चावी गेली होती आणि सोनूबाईचा आड काही सुटत नव्हता. गेनूच्या तोंडचं पाणी पळालं. पण हौसा चिडली होती. ती म्हणाली, "कळवायचं ते कळवा. पण चाचा चहा न पिता जायचे नाहीत," आणि आत जाऊन चुलीवरचं पितळी पातेलंच उचलून घेऊन आली. त्यात पेला बुडवला, तो धुरकट स्टीलचा पेला चाचांच्या हातात दिला आणि पातेलं पाटावर घड्याळाशेजारी आदळलं.

ते पातेलं मी ओळखते. काठाला दोन पोचे, एका बाजूला काळं पडलेलं, आत कल्हईचा पांढरा मुलामा.

घड्याळानं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "हे कुणाचं?"

"त्याचं काय विचारता?" सोनूबाई लाजून पदर सारखा करू लागली. "ते रोजचं आहे हो."

"किती वर्षांचं?"

"माझ्या सासूबाईंच्या सासूनं वापरलेलं. मामंजींच्या वडलांच्या हातचं."

"पोचे कसले?"

"एक ही रांगत होती तेव्हा हिनं पाडलं. दुसरा माझ्या हातून, सासूबाई गेल्या त्या दिवशी."

"आणि बूड?"

"दोनदा बदललं," गेनू मधेच बोलला, आता त्याचा आवाज दुकानातल्या कारागिराचा होता. "दर दिवाळीच्या आधी कल्हई लावतो. पितळ चांगलं आहे. अजून माझ्या नातवंडांना पुरेल."

"हे का नाही जपलंत?"

उत्तर सोनूबाईनं दिलं. "त्याला कसं ठेवून देणार? ते रोज लागतं."

सेकंदकाटा परत आपल्या चालीनं चालू लागला. घड्याळ म्हणालं, "पोरी, हात पुढे कर."

हौसानं हात पुढे केला. पट्टा बसण्याआधी घड्याळ म्हणालं, "आम्हाला भांडी घासताना काढायचं नाही. सणाला दुसरं घालायचं नाही. काचेवर ओरखडा पडला तर हळहळायचं नाही. वर्षातून एकदा चाचांकडे दाखवायचं, जशी याची कल्हई."

"कबूल."

"आणि पेटीतल्याला आत्ता बाहेर काढायचं."

पट्टा बसला.

गेनूनं माळ्यावरून पेटी आणली. पेटीत डबा, डब्यात डबी, डबीत धोतराच्या चिंध्यांचे सात वेढे. आतून पिवळसर तबकडीचं घड्याळ निघालं, चामड्याचा पट्टा अगदी कोरा. उजेड लागल्याबरोबर ते म्हणालं, "अक्षता पडल्या का?"

गेनू हात जोडून म्हणाला, "पडल्या. केव्हाच पडल्या. ही त्या लग्नातली लेक."

जुन्या घड्याळानं हौसाकडे बघितलं, तिच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. "मंगलाष्टकं चांगली झाली?"

"भटजींचा आवाज बसला होता," सोनूबाई म्हणाली. "पण झाली."

"नवरी कोण?"

"मीच."

"इकडे ये. काम काय करतेस?"

सोनूबाईनं जन्मात पहिल्यांदा हात उताणा करून पुढे ठेवला. दोराचे वळ होते त्यावर. "काय सांगू? सगळंच करते."

"चालेल," जुनं घड्याळ म्हणालं, आणि तिच्या मनगटावर बसलं.

सोमवारी साडेचारला हौसा पाणीखात्यात हजर झाली. कुरणेसाहेबांनी वही काढली आणि थेट घड्याळाला विचारलं, "होकार आहे?"

"आहे."

"कशाच्या आधारावर?"

"एका पातेल्याच्या," घड्याळ म्हणालं. साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि चावी तिच्या हातात दिली.

पण सोनूबाई सोबत गेली होती, आणि साहेबांची नजर तिच्या मनगटावर गेली. त्या घड्याळात सकाळचे नऊ वीस झाले होते.

"हे मागे आहे."

"मागे नाही," जुनं घड्याळ म्हणालं. "डबीत बंद केलं तेव्हा नऊ वाजले होते. काल बाहेर आल्यावर सगळं बघून घेण्यात वीस मिनिटं गेली, तेवढीच आम्ही खर्चली आणि थांबलो. मधली बत्तीस वर्षं वापरलेली नाहीत. ती आमच्यात तशीच आहेत."

साहेबांनी चष्मा पुसला, नियमांची वही तीनदा चाळली. "वापरलेली नसतील तर ती ज्याच्या मनगटावर घड्याळ त्याची," ते म्हणाले. "बाई, एकदम काढणार की थोडी थोडी?"

सोनूबाईनं लेकीकडे बघितलं. "रोज थोडी थोडी," ती म्हणाली. साहेबांनी 'रोजच्या वापरासाठी' असा शेरा मारला, शिक्का मारला आणि चहा मागवला.

तेव्हापासून तांबट आळीच्या नळाला सकाळी सहा दहाला पाणी येतं. हौसाच्या घड्याळाची काच आता ओरखड्यांनी भरलीय, आकडे अजून लांबून दिसतात. सोफ्यावरचं प्लॅस्टिक गेनूनं त्याच रविवारी फाडलं. उन्हाळ्यात त्याच प्लॅस्टिकनं कुरडया झाकल्या.

आणि रोज दुपारी तीन संपले की लगेच चार वाजत नाहीत. आधी सोनूबाईचा एक तास होतो. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसते, पितळी पातेल्यातला चहा पिते, कुणाला काही विचारत नाही. आळीतले सगळे जण तोवर थांबतात. तिचं झालं की ती मनगट कानाशी नेते, मान हलवते, आणि मग चार वाजतात. मी तिच्याच वयाची. माझे पांढरे केस बघा, आणि एकदा जाऊन तिचे बघून या.