मक्यातलं अरण्य

निसर्गाला त्याच्या मर्जीने वाढू देणं हे अत्यंत जबाबदारीचं काम आहे आणि ते ऐऱ्यागैऱ्याने करू नये. ऐऱ्यागैऱ्याने जमीन नांगरली नाही, तर लोक तिला पडीक म्हणतात आणि त्याला आळशी. तीच जमीन दाताच्या डॉक्टरांनी नांगरली नाही, की तिला पुनर्वन्यीकरण म्हणतात आणि डॉक्टरांना द्रष्टे.

आमचे डॉक्टर असेच द्रष्टे. शहरातला दवाखाना मुलाच्या हवाली करून त्यांनी गावाबाहेरची उताराची जमीन घेतली. तिथली फळझाडं (परकी म्हणून) उपटली, विहीर (कृत्रिम म्हणून) बुजवली आणि गुरं चारायला येणाऱ्यांना (माणसं म्हणून) फाटक बंद केलं. स्वतःसाठी फक्त काचेचा एक बंगला बांधला. निसर्ग वाढतोय की नाही, हे कोणीतरी बघायला हवंच.

निसर्गाने मात्र सहकार्य केलं नाही. गवत आलं, काटेरी झुडपं आली आणि कुणाचं तरी हरवलेलं गाढव आलं. त्याची नोंद 'मुक्त संचार करणारा शाकाहारी सस्तन प्राणी' अशी झाली. डोंगरातून रानडुकरंही उतरली, पण प्रकल्पात खाण्यासारखं काही नसल्याने ती तिथे न थांबता सरळ पलीकडच्या मक्यात घुसली.

हा मका काकूंचा. काकू विधवा, सुनेला हाताशी धरून शेती करायच्या. त्यांनी पत्र्याचे डबे बडवायला घेतले, तेव्हा डॉक्टर बांधावर आले.

"काकू, डबे नका वाजवू. बिचारी बुजतात."

"बुजावीत म्हणूनच वाजवतेय."

"पण ती प्रकल्पाची डुकरं आहेत."

"मग प्रकल्पातच जेवू घाला की त्यांना!"

हा भावनिक मुद्दा असल्याने डॉक्टरांनी शहरातून तज्ज्ञ बोलावला. प्रकल्पातले पंच्याण्णव टक्के वन्यप्राणी काकूंच्या शेतात असल्याचं त्याने शास्त्रीय पद्धतीने (बांधावर उभं राहून) सिद्ध केलं. यावरून निसर्ग आपणहून पसरतोय, असा निष्कर्ष निघाला. काकूंच्या शेतावर 'विस्तारित क्षेत्र : शांतता राखा' अशी पाटी लागली आणि काकूंना शाळेच्या सभागृहात 'सहजीवनमित्र' हा किताब मिळाला. "आपण निसर्गाला काहीतरी परत द्यायला हवं," असं डॉक्टर भाषणात म्हणाले. मराठीत 'आपण' म्हणजे आम्ही आणि तुम्ही. आणि आदराने म्हटलं, तर नुसतेच तुम्ही. डॉक्टर अत्यंत आदराने बोलत होते.

त्या हंगामात काकूंच्या घरात एकही कणीस आलं नाही. सून बांधावर बसून हमसून हमसून रडली. काकूंनी मक्याची मोडलेली ताटं गोळा करून गुरांपुढे टाकली, आणि पुढच्या हंगामात पेरलंच नाही. दोघी रस्त्याच्या कामावर खडी टाकायला जाऊ लागल्या. कोणी विचारलं तर काकू म्हणायच्या, "आम्हीपण पुनर्वन्यीकरण करतोय."

डुकरांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि मग ती डोंगरापलीकडे निघून गेली. काचेच्या बंगल्यात तिकीट काढून अरण्य बघायला आलेल्या पाहुण्यांना गाढव दाखवण्यात आलं. दोघांनी पैसे परत मागितले. तेव्हा डॉक्टर स्वतः काकूंच्या दारात आले.

"काकू, यंदा मका का नाही लावला?"

"जमीन निसर्गाला दिली."

"अहो, पण निसर्ग उपाशी मरतोय ना!"

काकूंनी हातावरची खडीची धूळ झटकली. "पेरते. पण तुमच्या जमिनीत. बियाणं तुमचं, पाणी तुमचं, आम्हा दोघींची मजुरी रोजच्या रोज. आणि आधी माझ्या शेताला तारेचं कुंपण."

"अहो, कुंपण म्हणजे निसर्गाची कोंडी..."

"मग गाढव आहेच."

कुंपण झालं. बुजवलेली विहीर उकरली (अशा विहिरीला पाणवठा म्हणतात). अरण्यात ट्रॅक्टर फिरला, सऱ्या पडल्या, शेणखत पडलं, आणि आमच्या भागातला सगळ्यात जोमदार मका त्या अरण्यात उभा राहिला. डुकरं आली, रमली, आता काकूंना बुजतही नाहीत. कुंपणाआडच्या शेतात काकूंचा स्वतःचा मकाही डोक्याच्या वर गेला. तज्ज्ञाने प्रकल्प यशस्वी झाल्याचं जाहीर केलं.

गेल्या थंडीत तुम्हीही आला होतात. डोळे मिटून दीर्घ श्वास घेतलात आणि म्हणालात, "इथे माणसाचा हातच लागलेला नाही." पुढच्याच पावलाला सरीत पाय अडकून धडपडलात, तरी तुम्हाला शंका आली नाही. डुकराचा फोटो घेताना मध्ये खुरपं घेऊन वाकलेली एक बाई येत होती. "मावशी, जरा बाजूला व्हा ना," तुम्ही म्हणालात.

त्या झाल्या बाजूला. त्याची मजुरी वेगळी पडते. ती तुमच्या तिकिटात धरलेली असते.