आबांच्या मापाची लाकडं

"खाणीवर भरलेले ट्रक मापतंय मी! तुझी ही लाकडां मापूक माका शिकवू नको!"

बाबलीने अंगणात कमरेवर हात ठेवून हे असं काही सुनावलं की अर्ध्या इब्रामपुराला ऐकू गेलं असावं. पण लाकूडवाला शंभू ढिम्म! तो आपला बिडी ओढत राशीशेजारी उभा.

मे सरत आला होता. पावसाळ्याची बेगमी, म्हणजे पुरुमेत, घरोघरी भरली जात होती. मिरच्या आल्या, सुकी मासळी आली, कोकमं आली. लाकडं तेवढी राहिली होती. एकदा पाऊस लागला की सुकं लाकूड औषधालाही मिळत नाही, आणि चूल काय, न्हाणीतलं पाण्याचं भाण काय, दोन्ही चार महिने त्या एका राशीवर जगतात. यंदा तर आबांना रोज ऊन पाणी लागणार होतं. दोन महिन्यांपूर्वी म्हापशाच्या डॉक्टरने बाबलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तुझे वडील हा पावसाळा काढतील असं वाटत नाही. बाबलीने आणि त्याच्या बायकोने, कमलाक्षीने, तेव्हाच ठरवून टाकलं, आबांना याचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही!

भांडण होतं ते मापाचं. रास कमरेइतकी उंच आणि एक पुरुष लांब, असा या घरचा करार. आणि पुरुष म्हणजे आबा! गावातला सगळ्यांत उंच माणूस. दरवर्षी आबा अंगणात ताठ आडवे व्हायचे, शंभू त्यांच्या डोक्याशी एक नि टाचेशी एक खुंट ठोकायचा आणि दातओठ खात मधली जागा भरायचा. यंदा आबा अंथरुणाला खिळलेले. म्हणून शंभू स्वतःच आडवा झाला, आणि शंभू म्हणजे आबांच्या छातीला लागणारा!

"तुझो पुरुष म्हणजे अर्धो पुरुष!" बाबली ओरडला.

"मगे आबाक हाड भायर."

"ते उठूचे नाय. थांब, माप हाडतंय!"

बाबली सुंभाचा तुकडा घेऊन आत गेला. आबा डोळे मिटून, पांघरूण ओढून कुशीवर पडले होते.

"अहो, झोपलेत ते," कमलाक्षी कुजबुजली.

"झोपूंदे. तू डोक्याकडचां टोक धर."

नवराबायकोने श्वास रोखून डोक्यापासून टाचेपर्यंत सुंभ धरलं, गाठ मारली, आणि बाबली लढाई जिंकल्यासारखा बाहेर आला. सुंभ राशीला लावलं. शंभूच्या खुंटापर्यंतसुद्धा ते पोचेना! चांगलं वीतभर कमी! बाबलीने ते ताणलं, पुन्हा ताणलं, शेवटी काथ्या सुटायला लागला.

"माप ता माप," म्हणत शंभूने कडेची लाकडं काढून गाडीत टाकली आणि पैशांची वाट बघत तो ओट्यावर बसला.

लाकडं गेली ती गेली. पण दोन महिन्यांत बाप शंभूपेक्षा आखूड झाला?

इकडे बाबली सुंभाकडे बघत उभा, आणि तिकडे शेजारची जानकी! ती ताकाचं भांडं परत द्यायला आली होती आणि तिने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. घरात आजारी म्हातारा, अंगणात लाकडं आणि मुलाच्या हातात सुंभ! ती भांडं तिथेच टाकून पळाली. तासाभरात दोघं शेजारी कोयते घेऊन दारात.

"बाबली, बांबू खयचो तोडूचो?"

"कसलो बांबू?"

तिरडीचं नाव कुणी काढायचं म्हणून ते बिचारे एकमेकांना कोपराने ढोसत राहिले. बातमी पार्सेपर्यंत पोचली आणि दुपारच्या बसने बाबलीची बहीण चंद्रावती आली, ती फाटकापासूनच हंबरडा फोडत.

"आबा गो माझे!"

"अगो, आबा जिते असत!"

"मगे जित्या बापाचां माप घेतलंस? चांडाळा!"

"ता चुलीसाठी घेतलां!"

"चुलीसाठी? बापाक चुलीत घालतलंस?"

"शंभू, तू तरी सांग हिका!"

"माप घेतल्यान खरां," शंभू शांतपणे म्हणाला. "आणि कमी भरलां."

चंद्रावतीने दुसरा हंबरडा फोडला. तेवढ्यात आतून आवाज आला, "रडणां आटपलां काय? बाबल्याक आत धाडा."

आबा उशीला टेकून बसले होते.

"बांबू गावलो?" त्यांनी विचारलं.

"आबा, तुमची शपथ! माप लाकडांच्या राशीचां. शंभू ऐकनासो झालो, म्हणान..."

"राशीचां?" आबांचे डोळे मोठे झाले. "मगे मेल्या, आधी सांगूक काय झालां? मी पाय पोटाशी घेतलंय ना!"

"कशाक?"

"माका वाटलां, माझी तयारी चलली हा. पावसात सुकी लाकडां खय गावतली? म्हटलां, बाप आखूड भरलो तर चुलीक चार लाकडां उरतली."

म्हणजे आबांना सगळं ठाऊक होतं! आणि त्या माणसाने पडल्या पडल्या कसली काळजी केली, तर सुनेच्या चुलीची! बाबली तिथेच भिंतीला धरून रडला. आबांनी चिडून तोंड फिरवलं.

थोड्या वेळाने तो बाहेर आला.

"काय म्हणाले?" चंद्रावतीने विचारलं.

"माप चुकलां म्हणतत."

"मगे परत घे," शंभू म्हणाला. "मी काय पळून जातंय?"

बाबलीने सुंभ उचललं. दारापर्यंत गेला. आत आबांनी पांघरूण बाजूला सारून पाय चांगले लांब, ताठ सोडले होते आणि डोळे मिटून ते वाट बघत होते.

बाबली तसाच मागे फिरला आणि सुंभ त्याने शंभूच्या हातात दिलं.

"असूंदे, शंभू," तो म्हणाला. "तुझोच पुरुष धर."