विनंती थांबा

माझ्या चक्कीसमोर एक लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. ती माझी नाही. तिच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने, जरा तिरप्या अक्षरांत, ‘विनंती थांबा’ असं लिहिलेलं आहे. नवीन गिऱ्हाईक त्या खुर्चीवर दळणाचा डबा ठेवायला गेलं की जुनी गिऱ्हाइकं त्याला अडवायची, “ठेवू नका हो तिथी, कंडक्टर काका येतीन.” आणि काका यायचेच.

“उचला तो डबा! सीट रिझर्व हाय.”

“काका, दार माझं, चक्की माझी, जागा अडते माझी, अन् रिझर्वेशन तुमचं?”

“थांबा कोनाच्या मालकीचा नसते, ताई.”

तुळशीराम काका एसटीतून रिटायर झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण एसटी काही काकांमधून उतरली नाही. शेगाव, वरवट बकाल, नांदुरा अशा फेऱ्या मारण्यात त्यांचा जन्म गेला. खांद्यावर दुपट्टा, कानामागे पेन, आणि तोंडात एकच वाक्य: “समोर सरका, समोर गंज जागा हाय!” गंज म्हणजे आमच्याकडे भरपूर. बसमध्ये हे वाक्य नेहमी खोटं असायचं, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. तरी माणसं सरकायची. काकांना त्यामुळे असं वाटू लागलं असावं, की जगात जागा नेहमीच असते, माणसंच सरकत नाहीत.

लग्नाच्या पंगतीत काका हे वाक्य म्हणायचे. दवाखान्यात म्हणायचे. माझ्या चक्कीवर दळणाची रांग लागली की कोणी न विचारता म्हणायचे. एकदा तर मयतीत म्हणाले. तिरडीमागे चालणारे चार भले लोक दचकून सरकले आणि मग एकमेकांकडे पाहत राहिले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुनी जिनिंग होती. कापूस यायचा बंद झाला तेव्हापासून तिथे बाभळी, डुकरं आणि पत्ते खेळणारे. जिनिंगच्या भिंतीला चिकटून काकांच्या दोन खोल्या. भिंत इतकी उंच, की घरात ऊन येत नाही. काकांची बायको, शांताकाकू, आधी स्वतः दळण घेऊन यायची, पीठ चिमटीत धरून म्हणायची, “जाड काढलं व बाई.” मग तिचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं चाला, बाहेर बसा. बाहेर म्हणजे कुठे, ते डॉक्टर सांगत नाहीत. गल्लीत नाली, नालीपुढे मोटारसायकली. काकू घरात बसली ती बसलीच.

आणि अशात ती जिनिंगची जागा पालिकेकडे आली. तिथे काय करायचं ते वस्तीनेच ठरवावं, असं कोणत्या तरी अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं. डोकं चांगलं होतं. पुढे त्याची बदली झाली. पण तोवर आमची समिती बसली होती. मलाही घेतलं होतं, कारण गल्लीतली सगळी भांडणं शेवटी चक्कीवरच येतात. नकाशा ठरला: मधे बाग, बागेचं फाटक आमच्या गल्लीकडे, पलीकडे मेन रोडला दुकानांचे गाळे, आणि गाळ्यांच्या भाड्यातून बागेची निगा. मला हिशोब पटला. गावात पटणारा हिशोब क्वचित दिसतो.

मारुतीच्या देवळात सभा झाली. नकाशावाला पोरगेलासा इंजिनियर लॅपटॉप उघडून म्हणाला, “आपापल्या सूचना सांगा.” सूचनांना काय तोटा! कोणाला कारंजं, कोणाला जिम, कोणाला सेल्फी पॉइंट. एकाला त्याच्या वडिलांचा पुतळा. काका उभे राहिले.

“फाटकाजवळ बाक पाहिजे.”

“बाकं आहेत काका. आत झाडांखाली आहेत.”

“आत नाई. फाटकातून पाय टाकला का बाक.”

“आणखी काही?”

“दुसरं काईच नाई.”

“काऊन हो काका, तिकिटं फाडता काय फाटकात बसून?” मागून कोणीतरी म्हणालं. देऊळ हसलं. काका बसले. कोणासाठी बाक हवा, ते त्यांनी सांगितलं नाही. मी सांगितलं असतं, पण बायकोचे गुडघे सभेत काढलेले त्यांना चालले नसते. मी एवढंच केलं, की सूचनांमध्ये बाक आधी लिहायला लावला आणि कारंजं शेवटी.

मग जे होतं ते झालं. नवे अधिकारी आले, त्यांना नकाशात सुधारणा सुचली. गाळ्यांची एक ओळ वाढली. ती ओळ कुठे बसवायची? आमच्या गल्लीच्या बाजूला. त्यामुळे गल्लीकडचं फाटक गेलं. बाग राहिली, तीही निम्मी, आणि फाटक मेन रोडला. म्हणजे आम्ही मागितलेल्या बागेत जायला आम्हालाच सगळ्या जिनिंगला वळसा. मी समितीत भांडले. मला चहा पाजण्यात आला. काकांचा बाक मात्र फाटकाच्या आत, पाय टाकल्या टाकल्या, तसाच बसवला गेला. तो हलवण्यात कोणाचा फायदा नव्हता.

दारातलं फाटक गेल्यावर काका दोन दिवस मेन रोडपर्यंतचा वळसा पावलांनी मोजत होते. तिसऱ्या दिवशी चार लाल खुर्च्या घेऊन निघाले. एक माझ्या चक्कीसमोर, एक कोपऱ्यावरच्या टेलरकडे, एक सायकलच्या दुकानाशी, शेवटची बागेच्या फाटकाबाहेर. टेलर म्हणाला, “काका, काय मंडपाचा धंदा सुरू केला काय?” काका म्हणाले, “नवीन रूट हाय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रूट सुरू झाला. पुढे शांताकाकू, काठी टेकत, मागे काका, खांद्यावर दुपट्टा आणि हातात पाण्याची बाटली. माझ्या दाराशी आल्यावर काकांनी जिभेने आवाज काढला: टिंग. एक बेल म्हणजे थांबा. काकू खुर्चीत बसली. घामाने भिजली होती आणि तोंडभर हसत होती.

“पाह्य व शोभा, हे मले एसटी समजून राह्यले.”

“बोलू नका पॅसेंजरशी, ताई,” काका म्हणाले. मग तिचा दम परत आला तसं टिंग टिंग, आणि गाडी पुढे.

बागेला कुलूप होतं.

बाग तयार होती. हिरवळ लावलेली, बाकं रंगवलेली, पाटीवर नियम लिहिलेले: फुले तोडू नये. पण उद्घाटन व्हायचं होतं. कोनशिलेवर कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, यावरून दोन पुढाऱ्यांत वाजलं होतं. एक कोनशिला कोरून झाली, ती परत गेली. दुसरी आली, तोवर त्यातल्या एकाने पक्ष बदलला. तिसरी कोरायला टाकली. उद्घाटनाला यायच्या साहेबांची तारीख मिळेना.

काका पालिकेत गेले. तिथून मोठ्याने बोलत बाहेर आले, ते सगळ्या बाजाराने ऐकलं. “गाडी तयार, पॅसेंजर तयार, अन् ड्रायव्हर कोन हे यांचं ठरून नाई राह्यलं! अन् मले म्हनते थांबा! मी जिंदगीभर लोकायले थांबवलं बे, मले नोको शिकवू!”

मीही गेले. मला सांगण्यात आलं, की ताई, प्रोसिजर असते.

तरी रूट रोज चालू होता. काकू शेवटच्या खुर्चीपर्यंत जायची, फाटकाबाहेर बसायची आणि गजांतून आत पाहायची. आतला तो बाक तिथून हात लांब केला तर लागेल इतका जवळ. येता येता मला बातमी द्यायची: “आज हिरवळीले पानी नाई देलं व त्यायनं.” किंवा, “कन्हेर फुलली.” बाग आम्हा सगळ्यांसाठी बंद होती. एकटी काकूच ती रोज बघत होती.

थंडीत काकूला ताप आला आणि छातीत कफ भरला. चार दिवसांत गेली. मयतीत काका काही बोलले नाहीत. लोक आपसूक सरकत होते.

त्यानंतर महिनाभरात साहेबांची तारीख मिळाली. मंडप, भोंगे, फीत. भाषणात ‘लोकसहभाग’ हा शब्द इतक्यांदा आला की समितीतल्या आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहणं सोडून दिलं. साहेब फोटोसाठी पहिल्या बाकावर बसले. तोच बाक. तीन कार्यकर्ते शेजारी बसायला धडपडले आणि चौथा त्यांना म्हणाला, “सरका ना बे समोर!” काका तिथे नव्हते.

आता बाग उघडी असते. पोरं खेळतात, बाया फेऱ्या मारतात, हिरवळीवर गुटख्याच्या पुड्या पडतात. परवा चक्की लवकर बंद करून मीही गेले. आमची मागणी, बघावी तरी. फाटकाबाहेर लाल खुर्चीवर काका बसले होते. दुपट्टा मांडीवर, तोंड गजांकडे. फाटक सताड उघडं, आणि आतला बाक रिकामा.

“काका,” मी म्हटलं, “बाहेर काऊन बसले? आत चला. आत गंज जागा हाय.”

ते हसले. स्वतःचंच वाक्य स्वतःला लागल्यावर माणूस हसतो तसे.

“तुम्ही जा, ताई,” ते म्हणाले. “तिचं तिकीट इथवरच होतं.”

मी आत गेले नाही. उभ्या उभ्या इकडचं तिकडचं बोलले आणि परत आले. चक्कीसमोरच्या खुर्चीवर कोणीतरी ज्वारीचा डबा ठेवून गेलं होतं. तो मी उचलून खाली ठेवला.