तेल्मूचा लोकल एक्स्पीरियन्स

"त्याला लोकल एक्स्पीरियन्स आहे का?" कमिटीच्या मीटिंगमध्ये चारुदत्तकाका म्हणाले.

"काका, तो बारा वर्षं पोर्तुगालमध्ये खेळलाय."

"पोर्तुगालमध्ये. मी काय विचारलं?"

मी बाटली आपटली. विनयाकाकूंनी मिनिट्समध्ये लिहिलं, 'शार्दूलने बाटली आपटली.'

फुटबॉलच्या टीमला गोल मारणारा नाही, कागद नीट असलेला माणूस लागतो. ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या आमच्या मराठी क्लबला हे २००६ सालीच कळलं होतं, म्हणून आम्ही सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये शेवटून पहिले होतो. कमिटीत सात जण, सातही आयटीतले, व्हिसाचे पॉइंट्स जमवून या देशात आलेले. प्लेअर निवडायलाही त्यांनी तसाच फॉर्म केला. डिग्रीला पन्नास, वयाला पंचवीस, इथल्या अनुभवाला शंभर. गोलला रकाना नव्हता (रिमार्क्समध्ये लिहायला परवानगी होती).

तेल्मू मला अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात सापडला. भाजी विकत होता. निसटलेला कोबी त्याने जमिनीला टेकायच्या आत पायाने उडवून परत क्रेटमध्ये टाकला, आणि गिऱ्हाइकाशी बोलणं काही थांबवलं नाही. चौतिशीचा फॉरवर्ड. तिकडे तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनमधले आठ क्लब झाले. एक बुडाला, एकाने पगाराऐवजी फरशा दिल्या, एकाने त्याला मॅच चालू असतानाच दुसऱ्या टीमला देऊन टाकला (तिकडूनही त्याने गोल मारला). एकूण गोल एकशे सहा. आमच्या क्लबने पुढच्या सीझनला घेतलं तर तो ऑकलंडमध्ये थांबणार होता. नाहीतर हॅमिल्टनजवळच्या 'ते रापा' गावाला, दूध पावडरच्या फॅक्टरीत. तिथे शनिवारीही शिफ्ट, म्हणजे फुटबॉल संपला.

मी त्याला क्लबमध्ये आणला खरा, पण तेरा शनिवार तो बेंचवर बसला. अनुभव नाही म्हणून खेळवत नाहीत, खेळवत नाहीत म्हणून अनुभव नाही. कमिटी याला प्रोसेस म्हणते, आणि प्रोसेस खरंच उत्तम आहे, तिच्यात गोल कुठेच मध्ये येत नाही. फॉरवर्डला मी. माझे गोल शून्य (एक आपल्याच जाळीत गेला, तो धरायचा का यावर सबकमिटी बसलीये). पण मी सहा वर्षांचा असल्यापासून इथे आहे. शाळा सोडली तीसुद्धा इथलीच. शंभरपैकी शंभर.

शेवटची मॅच. समोरचे पाच, आम्ही शून्य. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला मी पाय धरून आडवा झालो. कुठला पाय ते आधी ठरवलं नव्हतं, म्हणून दोन्ही धरले.

"ऊठ रे, नाटकं पुरे," काका ओरडले.

"आईशप्पथ काका, गेला पाय."

बेंचवर तेल्मू एकटाच. नाइलाजाने सोडला त्याला. त्याने दोघांना चुकवलं, तिसरा आपोआप पडला, आणि बॉल वरच्या कोपऱ्यात असा गेला की त्यांच्याच गोलकीपरने टाळ्या वाजवल्या. तेल्मू कॉर्नरच्या झेंड्याला मिठी मारून रडला. मी दोन्ही पायांवर नाचलो. तेही मिनिट्समध्ये आलं.

कमिटी तिथेच गवतावर बसली.

"अनुभव आता झाला," काका म्हणाले, "पण आपल्या लेव्हलला तो ओव्हरक्वालिफाइड होतो. टिकणार नाही."

मतं पडली सात विरुद्ध शून्य. काकांना इथे पहिल्या वर्षी एकवीस कंपन्यांनी हेच कळवलं होतं, त्यामुळे वाक्य तोंडपाठ.

हसा तुम्ही. पण मागच्या महिन्यात तुमच्या टेबलावर एक सीव्ही आला होता, वरचं नाव तुम्हाला धड वाचता येत नव्हतं. तो कुठल्या ढिगात ठेवलात? आत्ता सांगत बसू नका, मला निघायला हवं. तेल्मूची हॅमिल्टनची बस आहे आणि त्याची बॅग माझ्याकडे आहे.