रकाना क्रमांक अठरा

“रांजण कुनी फोडला रं? खरं सांग, मारनार न्हाय!”

करमाळ्याच्या घराच्या अंगणात केराआत्याचा हा आवाज घुमला तेव्हा गंगाधर सात वर्षांचा होता. त्यानं बोट दाखवलं ते शेळीकडे. शेळी रांजणाजवळ उभी होती आणि तिला बोलता येत नव्हतं, एवढा पुरावा बास झाला! आठ दिवस ती परसात उन्हात बांधलेली राहिली. कुणाला काही बोलली नाही बिचारी, नुसती गंगाधरकडे बघत राहिली.

एकावन्न वर्षांनी तोच गंगाधर सोलापुरातल्या एका पाणीपुरवठा मंडळाचा आस्थापना अधीक्षक होता आणि महिनाअखेरीला निवृत्त होणार होता.

गेल्या वर्षी एका सकाळी मंडळाचे सगळे संगणक दातखीळ बसल्यासारखे बंद पडले. ऑफिसच्या मेलवर आलेली कसलीशी खोटी लिंक कुणीतरी दाबली होती. कोणत्या पेठेला कधी पाणी सोडायचं ते वेळापत्रक आतच अडकलं. पाणी तसंही चार दिवसांआड यायचं, त्यामुळे काही बिघडलंय हे गावाला कळायलाच सहा दिवस लागले! चौकशी झाली. दाबणारा सापडला नाही, पण ज्या संगणकावर दाबलं तो गौस नावाच्या कारकुनाचा होता. गौसची बदली जुन्या मीटरच्या गोदामात झाली.

मग वरून हुकूम आला : मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी हे मोठं पद भरा. एकतीस तारखेच्या आत भरलं नाही, तर पद रद्द.

“काळजीच सोडा, मॅडम!” गंगाधररावांनी मुख्याधिकारी मॅडमना ठणकावून सांगितलं. “चौतीस वर्षांत माझी एक भरती कोर्टात गेली नाही. वायरमन घेतले, व्हॉल्व्हमन घेतले, हाही घेऊ की!”

त्यांनी व्हॉल्व्हमनचाच अर्ज काढला. ‘विहिरीत उतरता येते काय?’ हा सतरावा रकाना तसाच ठेवला. सुरक्षेची नोकरी, असू द्यावं. आणि अठरावा स्वतः घातला. उमेदवार नेहमी म्हणतात, “मेल मिळालाच नाही!” म्हणून : ‘ई-मेलचा पासवर्ड (कार्यालयास खात्री करता यावी याकरिता)’.

अर्ज आले एकेचाळीस. पुणे, बंगळूर, हैदराबाद. नावापुढच्या पदव्या लग्नाच्या वरातीसारख्या लांबच लांब. गंगाधरराव दोन दिवस लाल पेन घेऊन बसले आणि तिसऱ्या दिवशी यादी लावली. अपात्र चाळीस, पात्र एक!

“चाळीस अपात्र? का?” मॅडम उडाल्याच.

“रकाना अठरा मोकळा. अपूर्ण अर्ज.”

“अहो गंगाधरराव, ज्यानं पासवर्ड दिला नाही तोच तर आपल्याला हवाय ना!”

“पण मॅडम, मोकळा रकाना म्हणजे...” भांगात कुंकू नसलेली नवरी पाहावी तसा त्यांचा चेहरा झाला.

पात्र ठरलेला अनिमेष मुलाखतीला आला. गोड मुलगा.

“पासवर्ड कसा काय दिलास?” मॅडमनी विचारलं.

“त्यात काय, सगळ्यांनाच देतो! आपल्याकडं लपवण्यासारखं कायच न्हाय.”

मॅडमनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात हरकत घेऊन एक बाई दारात उभी. वैदेही येमूल. अपात्र क्रमांक नऊ. वडील मागावर चादरी विणायचे, ही पुण्यात बँकांच्या संगणकांवर पहारा द्यायची, आणि आता तिला गावी परतायचं होतं.

“कोर्टात जाणार?” गंगाधररावांनी लाल पेनाला टोपण लावलं.

“नाही, सर. मुलाखत घ्या, एवढंच.”

मॅडमनी जागच्या जागी घेतली. बाईंनी असं काही सांगितलं की मॅडमनी चहा मागवला, तोही स्पेशल. पण नेमणुकीची गोष्ट निघताच वैदेही म्हणाली, “एक अट आहे. मागच्या वर्षीचा अहवाल वाचला मी. संगणकाचा नंबर आहे, दाबणाऱ्या माणसाचं नाव नाही. त्यानं लगेच सांगितलं असतं तर एकच संगणक गेला असता. मला कुणाला शिक्षा करायची नाही. पण चुकलेला माणूस जिथं तोंड उघडत नाही, तिथं कुलपं लावून काय करू? त्याचं नाव कळलं, तरच मी येते.”

“आज तीस तारीख!” मॅडम कळवळल्या. “गौसला बोलवा.”

गौस आला. अंगभर मीटरची धूळ, एका दमात तीन शिंका.

“गौस, त्या दिवशी तुझ्या खुर्चीवर कोण बसलं होतं?”

“मैं चाय पीने गया था, मॅडम,” गौस म्हणाला. “आलो तवा कोन उठत हुतं, ते बघितलं.”

“मग सांग की!”

आठ वर्षांमागं गंगाधररावांनीच त्याला नोकरीत घेतला होता. तो काही बोलला नाही, नुसता गंगाधररावांकडे बघत राहिला.

ती नजर गंगाधररावांच्या ओळखीची होती. परसातलं ऊन आठवलं, दावं आठवलं. वैदेहीनं अगदी हळू, जवळजवळ मायेनं म्हटलं, “सांगा ना कुणीतरी. कोणी रागावणार नाही.”

“मी,” गंगाधरराव म्हणाले. “मी दाबलं. ‘आदर्श अधीक्षक पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे,’ असं आलं होतं हो.”

गौस चौथ्यांदा शिंकला, पण या वेळी मोकळेपणानं.

“एकदाच दाबलं?” वैदेहीनं वही उघडली.

“तीनदा. प्रमाणपत्र उघडेना.”

“आणखी काही?”

गंगाधररावांनी मान खाली घातली.

“पासवर्डही लिहिला. काय करणार बाई... रकाना होता, मोकळा कसा सोडणार!”