अंबूआजीचं वाकडं पाऊल

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. जंगल कुठलं, ते विचारायचं नाही. समजा, एका जंगलात अंबूआजी नावाची म्हातारी सायाळ राहत होती. तिचे काटे पिकले होते आणि गुडघे कुरकुरत होते. पण तिन्हीसांजेला ओढ्यापलीकडे जाऊन आवळे खाल्ल्याशिवाय तिला करमत नसे. घराबाहेरचं तेवढंच काय ते सुख.

एकदा त्या जंगलात नवी टूम निघाली. कोण म्हातारं पडणार, हे ते पडायच्या आधीच ओळखायचं. टिटवीबाई तळ्यावरच्या बगळ्यांकडून ही तपासणी शिकून आल्या होत्या.

"आजी, एका पायावर उभ्या राहा."

"राहीन की. उरलेले तीन कुठं ठेवू, तेवढं सांगा."

टिटवीबाई गोंधळल्या. बगळ्यांनी हे शिकवलं नव्हतं.

"बरं, राहू द्या. या वेलीवरून सरळ चाला."

आजी निघाली. वेल उजवीकडे राहिली, आजी डावीकडे गेली.

"पोट मध्ये येतं हो," आजी हसत म्हणाली. "वेल गेली कुठं?"

टिटवीबाई मनाच्या फार चांगल्या. पण टिटवीला कधी हळू बोलता येतं का, मुलांनो? त्या उंच उडाल्या आणि काळजीनं ओरडल्या, "अंबूआजीचं पाऊल वाकडं पडतंय! सांभाळा! पाऊल वाकडं पडतंय!"

सगळ्या जंगलानं ऐकलं.

"अगंबाई, या वयात?" सशीण म्हणाली.

"कुणाबरोबर?" तरसानं विचारलं.

"रोज ओढ्यापलीकडे जाते, ती काय उगीच?"

ओढ्यापलीकडे दाजीबा नावाचा एक विधुर सायाळ राहत होता. झालं! आजीनं त्याला कधी धड पाहिलंही नव्हतं.

घरी सुनेनं बिळाच्या तोंडाशी दगड लावला. "सासूबाई, उद्यापासून ओढा बंद. आवळे मी आणीन. घरात लग्नाची पोर आहे."

"अगं शेवंता, त्या माझ्या गुडघ्यांबद्दल बोलत होत्या!"

"गुडघे सगळ्यांनाच असतात. त्यांची अशी जंगलभर चर्चा होत नाही."

आजीला हसू आवरेना. तरुणपणी इतकी सरळ चालले, तर कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता धड चालता येईना, तेव्हा एवढी कीर्ती! पण घरपोच आवळे काही गोड लागेनात. बसून बसून पाय जड झाले. असेच दिवस गेले तर आपण ओढा पुन्हा पाहणार नाही, हे तिला कळून चुकलं.

मग एके दिवशी बिळापाशी दाजीबा आला. काटे विंचरून आला होता.

"अंबूबाई, लोक म्हणतात ते... खरं का हो?"

"अगदी खरं. डावीकडे पडतं."

दाजीबा लाजला. "माझं उजवीकडे पडतं."

आजीनं दगडाच्या फटीतून त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग सुनेला हाक मारली. "शेवंता, दगड सरकव. बदनामी तर झालीच आहे, निदान आवळे तरी खाऊन येते."

सुनेनं तोंड उघडलं. आजीनं काटे फुलवले. दगड सरकला.

दोघांनी आपापले काटे सांभाळत एकमेकांचा पंजा धरला. एक डावीकडे ओढी, दुसरा उजवीकडे. त्या ओढाओढीत दोघं नाकासमोर सरळ ओढ्यापर्यंत पोचली.

वर टिटवीबाई घिरट्या घालत होत्या. कुणीच पडेना, म्हणून बिचाऱ्या हिरमुसल्या.

तात्पर्य : मुलांनो, म्हातारपणी फार सरळ चालू नका. सरळ चालणाऱ्याचा हात धरायला कुणी येत नाही.