नानांचा दगडीपाला

उत्रोलीचे नाना माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी हातापायांकडे. त्यांच्या शेजारी मी भाड्यानं राहायला आले आणि नमस्काराला हात जोडले, तर म्हणाले, "करंगळीला काय झालंय, बाई?" कागदानं कापलं होतं. मलाही पत्ता नव्हता.

नाना एसटीतले निवृत्त कंडक्टर. अंगणाच्या कडेला दगडीपाला आणि कोरफड, खिशात होमिओपॅथीच्या गोळ्या. खरचटलं की पाल्याचा रस, भाजलं की कोरफड, मुका मार बसला की गोळ्या. "चार घ्या. चावायच्या न्हाईत. कांदा बंद," हे तिकीट फाडून दिल्यासारखं सांगायचे. लंगडणाऱ्या कोंबडीलाही त्यांनी दोन गोळ्या चारल्या. तिचा पाय बरा झाला, पण गोळ्या मागायला ती रोज यायला लागली.

मी भोरच्या शाळेत शिक्षिका. एका रविवारी शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. मी ओसरीवर नानांची नक्कल केली, मान हलवत, "कांदा बंद" म्हणत. त्या हसत होत्या आणि एकदम गप्प झाल्या. मागे नाना उभे होते, कोरफडीचं पान घेऊन. आदल्या दिवशी मला तव्याचा चटका बसला होता. पान पायरीवर ठेवून ते निघून गेले.

माफी मागायला जाईन म्हणता म्हणता आठवडा गेला. मग नारळ सोलताना कोयता तळहातात घुसला. माझी किंकाळी ऐकून पहिले नानाच धावले. हात नळाखाली धरला, धुतलेल्या फडक्यानं दाबला.

"नाना, पाला लावा."

"ह्ये पाल्याचं काम न्हाई. टाकं पडतील."

रस्त्यावरचा टेम्पो थांबवून त्यांनी मला भोरला दवाखान्यात नेलं. चार टाके पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. "नाना, त्या रविवारी मी..."

"नक्कल बरी करता," ते म्हणाले. "पर म्या मान डावीकडं हालवतो."

माझी मान खालीच. त्यांनी चहा टाकला, बशी पुसून पुढे ठेवली.

"आमची मंडळी गेल्यापासनं हितं कोन येत न्हाई. लागलं की येत्यात, बरं झालं की जात्यात." मग माझ्या पट्टीकडे बघून म्हणाले, "टाकं कवा काढनार?"

"मंगळवारी."

"मंजी मंगळवारपतुर याल."

शेजारी राहून दोन वर्षं झाली होती, आणि नुसतं बसायला म्हणून मी त्या घरात कधीच गेले नव्हते.